चाळीशी आणि ठिपका

गौरी जेवल्या त्या दिवशी संध्याकाळी मी आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, चाळीसेक फोटो काढले. नऊवारी, नथ, कानात बुगडी, शेजारी समईचा उजेड, आणि माझ्या हातात बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी १०५ एमएमची मॅन्युअल लेन्स, फोकस हाताने फिरवायची. व्ह्यूफाइंडरमधून बघताना असं वाटत होतं की आज काहीतरी भारी होतंय, मी तर मनातल्या मनात फ्रेमसुद्धा करून टाकली होती. रात्री सगळी आवराआवर झाल्यावर लॅपटॉपवर शंभर टक्के झूम करून बघितलं तर नथ पुसट, डोळे पुसट, आणि बुगडीचा मोती न् मोती मोजून घ्या. चाळीसपैकी तीस-एकतीस फोटोंत हेच. उरलेल्यांत मागच्या मखराची झिरमिळी शार्प होती.

आईंनी चष्मा लावून शांतपणे सगळे फोटो बघितले आणि म्हणाल्या, "कान छान आलाय गं."

आता त्या लेन्सबद्दल सांगते. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला इन्स्पेक्टर होते, आयुष्यभर मायक्रोमीटर आणि डायल गेज. १९८४ साली बोनसच्या पैशात त्यांनी फोर्टातून सेकंडहँड निकॉन एफएम२, फिल्मचा कॅमेरा, आणि ही १०५ एफ/२.५ लेन्स घेतली (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी, आणि शार्प भाग तितका पातळ). तेव्हा आजी बोलली म्हणे, एवढ्यात फ्रिज आला असता. एफएम२ केव्हाच कपाटात गेला, शटर अडकतं त्याचं, पण लेन्स धडधाकट. म्हणजे मध्ये एकदा बुरशी आली होती आत, ठाण्याच्या पावसात येणारच, जून ते सप्टेंबर चपलांना येते तिथे काचेचं काय. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने उघडून साफ करून दिली, तेव्हापासून ती आमच्याकडे तांदळाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहते. (डब्यावर आईंनी "तांदूळ नाही" असं लिहून ठेवलंय.)

तर दोन वर्षांपूर्वी मी निकॉनचाच सेकंडहँड डिजिटल कॅमेरा, डी७२००, घेतला आणि बाबांना म्हटलं, बाबा, तुमची लेन्स याला बसेल का हो? त्यांनी डब्यातून काढली, बॉडीवर टेकवली, खट् करून फिरवली. बसली. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसते ती जागा, १९५९ पासून तोच आहे, माउंटच्या कड्यापासून फिल्मपर्यंत साडेशेचाळीस मिलिमीटर, तेवढंच आता सेन्सरपर्यंत. बाबांना हे ऐकून जेवढा आनंद झाला तेवढा मला कॅमेरा घेतल्याचा झाला नव्हता. साठ वर्षांत कुणी ड्रॉइंग बदललं नाही, असं ते दोन दिवस येईल त्याला सांगत होते. अगदी कुठलीही जुनी लेन्स कुठल्याही नव्या बॉडीवर चढवू नका मात्र, १९७७ च्या आधीच्या, त्या एआय (लेन्स किती उघडी ते बॉडीला कळवणारी निकॉनची सोय) नसलेल्या लेन्सची मागची कडा काही बॉड्यांना इजा करते. आमची नंतरची, त्यामुळे मेनूत जाऊन १०५ आणि २.५ भरलं की उजेड मोजणारा मीटरसुद्धा चालतो. फक्त फोकस आपल्या हाताने.

फक्त म्हणे!

गौरीच्या फोटोंनंतर माझं पहिलं मत असं की लेन्स गेली. बुरशी साफ करताना त्या मेकॅनिकने आतली एखादी काच उलटी बसवली असणार. दुसरं मत असं की कॅमेरा विकणाऱ्याने फसवलं, आरसा हललेला असणार. दोन्ही मतं मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने मांडली. बाबा आमटी-भात कालवत म्हणाले, "आधी डोळा तपास. गेजला नावं ठेवण्याआधी माणूस तपासायचा असतो." हे जरा लागलं मला. नाचता येईना अंगण वाकडं असंच म्हणायचं होतं त्यांना, पण सुनेला कसं म्हणणार.

डोळ्याचं प्रकरण खरं तर मी लपवत होते. माझं वय चव्वेचाळीस. ऐरोलीला ऑफिसात स्क्रीनवरचे आकडे मोठे करून वाचते, मेनूकार्ड हात लांब करून, औषधाच्या बाटलीवरची तारीख मुलीकडून. डॉक्टरांनी सव्वाचा नंबर लिहून दिला होता तो कागद पर्समध्ये चार महिने फिरत होता. आपल्या भाषेत वयाला पण चाळीशी आणि चष्म्याला पण चाळीशी, म्हणजे पळून जायला जागाच ठेवलेली नाही कुणी.

आता यात कॅमेऱ्याचा काय संबंध? व्ह्यूफाइंडरमध्ये आपण जे बघतो ते समोरचं दृश्य थेट नसतं. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर जातो आणि एका छोट्या पडद्यावर, फोकसिंग स्क्रीनवर पडतो, आणि आपण तो पडदा आयपीसच्या भिंगातून बघतो. हा पडदा डोळ्याला साधारण मीटरभर लांब असल्यासारखा दिसतो. आयपीसशेजारी एक लहान नॉब असतो, डायॉप्टर, त्याने हे अंतर आपापल्या डोळ्याप्रमाणे पुढेमागे करता येतं. दोन वर्षांत मी त्या नॉबला हात लावला नव्हता. माझ्या आधीचा मालक बहुतेक चांगल्यापैकी चष्मेवाला असावा, कारण नॉब पार मायनसच्या टोकाला फिरवलेला होता, म्हणजे पडदा माझ्या डोळ्यापुढे अर्ध्या मीटरवर आणून ठेवलेला. विशीतल्या डोळ्याला त्याचं काही वाटलं नसतं. तरुण डोळ्यातलं भिंग मऊ असतं, ते गुपचूप स्वतःला आवळून घेतं आणि आपल्याला कळूही देत नाही. चाळीशीनंतर ते ताठर होत जातं. मग दिवसा उजेडात दोन मिनिटं निभावतं, आणि समईच्या उजेडात चाळीस फोटो काढेपर्यंत दमून जातं.

बाबांनी सांगितलं तसं केलं. लेन्स काढली, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरला, आणि आतमध्ये जे फोकस पॉइंटचे काळे कंस दिसतात तेवढेच बघत नॉब फिरवला. दृश्य बघायचंच नाही, कारण दृश्याला डोळा फसतो, कंस पडद्यावरच असतात. फिरवत फिरवत एका जागी ते कंस असे काळेकुट्ट आणि बारीक झाले की मी "अगंबाई" म्हटलं. दोन वर्षं मी भुवया आवळून धुक्यात फोटो काढत होते तर! नॉबवर आणि शेजारी बॉडीवर मुलीच्या लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला, हलला तर कळावं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी गोखले रोडवर जाऊन निमूट चष्मा करायला टाकला.

वाटलं आता झालं. नाही झालं. बुगडीवरून गाडी गालावर आली एवढंच.

बाबांचं म्हणणं की त्यांच्या एफएम२ मध्ये हा प्रकार नव्हता, आणि तो त्यांनी कपाटातून काढून दाखवला तेव्हा मला पटलं. त्याच्या पडद्याच्या मध्यभागी एक गोल असतो, आडवा दुभागलेला. समोर उभी रेघ धरायची, दाराची चौकट, नाकाची कड, काहीही. फोकस नसेल तर रेघ मध्येच तुटून वरचा तुकडा एकीकडे खालचा दुसरीकडे, आणि रिंग फिरवली की दोन्ही सरकत येऊन जुळतात. जुळलं की जुळलं, त्यात मत वगैरे नसतं. वर चित्रही केवढं मोठं! माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीच्या निम्म्याहून लहान, म्हणून पडदाही तेवढाच लहान. एफएम२ मधून माझ्या कॅमेऱ्यात डोळा नेला की थिएटरातून उठून घरच्या टीव्हीसमोर बसल्यासारखं होतं.

मग डिजिटलवाल्यांनी तो गोल का काढला? तर ऑटोफोकस आला, हाताने फिरवणारं कुणी उरलं नाही, आणि कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या झूम लेन्स एफ/५.६ वगैरे असतात, त्यांना अंधार होऊ नये म्हणून पडदे जास्तीत जास्त उजळ केले. तो दुभागलेला गोल एफ/५.६ च्या आसपास निम्मा काळा पडायला लागतो, म्हणजे झूमवाल्यांच्या उपयोगाचा नाहीच. पण उजळ पडद्याची एक गोम आहे. प्रकाश त्यावर पुरता पसरत नाही, बराचसा आरपार निघून येतो, त्यामुळे लेन्स कितीही उघडी असो, डोळ्याला दिसणारी शार्प भागाची जाडी साधारण एफ/२.८ चीच. ऑफिसातल्या एकाची ५० एमएम एफ/१.४ मागून आणली आणि करून बघितलं. रिंग १.४ वर, मग २ वर, मग २.८ वर, दरवेळी पुढचं प्रिव्ह्यू बटण दाबून, म्हणजे लेन्स खरोखर तेवढी मिटते. फाइंडरमध्ये काडीचा फरक नाही. ना अंधार, ना मागचं जास्त शार्प. पुढे ४ वर गेल्यावर कुठे काळोखी यायला लागली. म्हणजे १.४ ला फोटो काढताना सेन्सरवर जेवढं धूसर होणार असतं त्यातलं निम्मं कॅमेरा आपल्याला दाखवतच नाही. लग्न ठरवताना दाखवतात तसं, गोडगोड तेवढं.

माझी लेन्स २.५ ची, म्हणून हा फटका मला कमी. पण हिशोब बघा. दोन मीटरवरून एफ/२.५ ला या सेन्सरवर जे खरंखुरं शार्प येतं ते जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जाड. नथीपासून बुगडीपर्यंत दहा-बारा सेंटिमीटर सहज. त्यात मी उभी, हातात कॅमेरा, श्वास चालू. उभं माणूस स्थिर नसतंच, सेंटिमीटरभर पुढेमागे डोलत असतं. आई पण डोलणार, "झालं का गं" विचारणार. त्यात मी मधल्या पॉइंटवर आईंचा डोळा धरून फोकस करणार आणि मग कॅमेरा वळवून चेहरा कडेला घेणार, त्यात आणखी सेंटिमीटरभर गेला. साडेतीनातले गेले किती, राहिले किती.

हां, आणि फोकसचा ठिपका. निकॉनच्या फाइंडरमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा ठिपका असतो. लेन्स मॅन्युअल असली तरी कॅमेऱ्याची ऑटोफोकसची यंत्रणा जागी असते, ती सांगते की निवडलेल्या पॉइंटवर फोकस आला, ठिपका लागतो. माझ्या बॉडीत दोन्ही बाजूंना बाण पण येतात, इकडे फिरवा, तिकडे फिरवा. मी त्या ठिपक्यावर देवासारखा विश्वास ठेवला होता. लागला की दाबा.

बाबांनी दोन-तीन वेळा कॅमेरा डोळ्याला लावून रिंग इकडून तिकडे, तिकडून इकडे केली आणि विचारलं, "हा लागतो कुठे आणि विझतो कुठे, मोजलंस का?"

नव्हतं मोजलं. मोजतं का कुणी?

तर मग एका रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर टूलरूम उघडली. सकाळी मामलेदारची मिसळ आणून खाऊन झाली होती, आई जांभळी नाक्यावर भाजीला गेल्या होत्या, नवरा पेपर घेऊन गॅलरीत पळाला होता. बाबांनी त्यांची बारा इंची स्टीलची पट्टी काढली, रिटायर होताना एवढी एकच वस्तू घरी आणली म्हणतात. ती पुस्तकांच्या आधाराने तिरकी उभी केली, पंधरा सेंटिमीटरच्या रेघेला काळं इन्सुलेशन टेपचं तुकडं, तिथे फोकस पॉइंट. कॅमेरा ट्रायपॉडवर, सव्वा मीटर लांब. आणि लेन्सच्या रिंगभोवती मुलीच्या वहीतला मिलिमीटरचा आलेख कागद कापून गुंडाळला. सव्वा मीटरवर शार्प भाग दीड सेंटिमीटरसुद्धा नसतो, तिरक्या पट्टीवर तो बरोबर दिसतो, रेघा कुठून कुठपर्यंत कोरल्यासारख्या आहेत ते.

मी डोळा लावून सांगायचं, "लागला." बाबा कागदावर आकडा लिहायचे. "विझला." आकडा. इन्फिनिटीच्या बाजूने दहा वेळा, जवळच्या बाजूने दहा वेळा. मग लाइव्ह व्ह्यू चालू करून मागच्या स्क्रीनवर ती रेघ जास्तीत जास्त झूम करून खरा फोकस कुठे आहे ते बघितलं, कारण तिथे आरसा नाही, पडदा नाही, सेन्सरला जे दिसतं तेच आपल्याला. निष्कर्ष असा निघाला की ठिपका लागल्यापासून विझेपर्यंत रिंग चांगली चार मिलिमीटर फिरते. आणि खरा फोकस त्या चारांच्या मधोमध नाही, इन्फिनिटीकडून आलं तर तिसऱ्या मिलिमीटरच्या जवळपास. मी ठिपका लागल्या लागल्या थांबत होते, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर आधीच, म्हणजे नथीच्या मागे. बुगडी!

हे माझ्या बॉडीचं आणि माझ्या लेन्सचं गणित आहे, तुमचं वेगळं निघेल, उलटंही निघेल. कारण कॅमेऱ्यात प्रकाशाचे तीन रस्ते आहेत. एक आरशावरून वर पडद्याकडे, एक मागच्या छोट्या आरशावरून खाली ऑटोफोकसच्या सेन्सरकडे, आणि आरसा उचलला की तिसरा थेट मुख्य सेन्सरकडे. तिन्ही रस्ते तंतोतंत सारख्या लांबीचे असायला हवेत. बाबा म्हणाले, तीन ठिकाणी तीन फिटिंग म्हणजे टॉलरन्स आलाच, शून्य कुठे काही नसतं.

"आणि एकाच बाजूने यायचं," हे त्यांनी शंभर वेळा सांगितलं. आट्यांना प्ले असतो, थोडीशी ढील, स्क्रू एकीकडून फिरवत आणलात आणि दुसरीकडून आणलात तर आकडा तोच दिसला तरी जागा तीच नसते. मायक्रोमीटरला हेच, लेथला हेच. चाळीस वर्षांच्या लेन्सच्या आट्यांतलं ग्रीस अर्धं वाळलेलं, प्ले असणारच. म्हणून पुढे गेलात की परत मागे जा, आणि परत त्याच बाजूने या. डोळ्याचंही तसंच आहे हे मला नंतर कळलं. शार्प कुठे आहे ते शार्पवर थांबून समजत नाही, ओलांडून बिघडलेलं बघितल्यावर समजतं की अरे, ते मघाचं होतं. मी आधी घाबरत घाबरत जायचे आणि बरं दिसलं की थांबायचे. आता बेधडक पलीकडे जाते, चित्र बिघडू देते, मागे जाऊन पुन्हा येते. जुन्या लेन्सची रिंग लांब फिरते म्हणून हे जमतं, नव्या ऑटोफोकसवाल्या लेन्सची रिंग एवढीशी हलते की नखभर चुकलं तरी पार.

त्या डोलण्याचं पण एक औषध आहे. रिंग जवळपास आणून ठेवायची, मग तिला हातच लावायचा नाही, वारकऱ्यासारखं स्वतःच हळूच पुढेमागे व्हायचं आणि समोरच्याचा डोळा शार्प झाला की दाबायचं. लोक बघतात. बघू देत. आणि चेहरा कडेला हवा असेल तर फोकस पॉइंटच तिकडे सरकवायचा, कॅमेरा वळवायचा नाही.

पुढच्या पाडव्याला स्वागतयात्रेत गेले. कौपिनेश्वरापासून निघते ती, आमच्या राम मारुती रोडला पोचेपर्यंत रस्ता असा भरतो की हातसुद्धा वर काढता येत नाही. ढोलपथक चालत येतंय, लेझीम, बुलेटवरच्या नऊवारीतल्या बायका, सगळं हलतंय, तिथे ठिपका बघत बसलात तर गेलंच सगळं. पहिली वीस मिनिटं मी ध्वजवाल्या मुलीच्या मागे रिंग फिरवत धावले, एकही फोटो नाही. बाबा फुटपाथवर फोल्डिंग खुर्चीत बसलेले, ओरडून म्हणाले, "अगं, माणसाच्या मागे नको धावू, जागा धर!" ठाण्याहून सकाळी आठची लोकल पकडणाऱ्या माणसाला जागा धरणं शिकवायला नको. पाच मीटरवर रस्त्यात गटाराचं झाकण होतं, त्यावर फोकस केला, एफ/८, तेवढ्याने पाऊण मीटरच्या आसपास मिळतं, आणि हात रिंगवरून काढून घेतला. मग जो कोणी झाकणावर पाय ठेवेल तो माझा. पाय पडायच्या किंचित आधी बोट दाबायचं, कारण बोटाला पण वेळ लागतो. ढोलवाल्याचं मनगट, पाठीमागे उडालेला गुलाल, कपाळावरचा घाम, असे सहा फोटो आले आणि सहाच्या सहा त्या झाकणावरचे.

ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगोंनाही नेली होती लेन्स, ते सांगण्यासारखं नाही. १०५ ने फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी ठिपके. फोकस मात्र सोपा, रिंग टोकाला नेऊन सोडायची.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या हिवाळ्यात झालं. दोन्ही डोळे, महिन्याच्या अंतराने. घरी आल्यावर पहिलं वाक्य, "आता माझ्यात पण फिक्स्ड फोकसची लेन्स आहे, लांबचं सेट केलंय." खरंच होतं ते, आत बसवलेलं भिंग काही आवळत-सैलावत नाही, लांबचं लख्ख दिसतं आणि पेपर वाचायला चष्मा लागतो. खिडकीतून येऊरच्या डोंगरावरची झाडं मोजत बसायचे. कॅमेऱ्याचं नाव मात्र काढलं नाही त्यांनी, आणि मी पण काढलं नाही.

परवा शनिवारी सकाळी मुलीच्या मैत्रिणीचे फोटो काढायला म्हणून कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, तर काळे कंस धुरकट. पोटात धस्स झालं, म्हटलं नंबर वाढला. मग नॉब बघितला. माझा लाल ठिपका जागेवर नव्हता, चांगला प्लसकडे सरकलेला होता.

कार्डावर अकरा फोटो होते, शुक्रवारी दुपारचे, मी ऑफिसात असतानाचे. गॅलरीतल्या उजेडात आई खाली बसून मेथी निवडतायत. पहिल्या चारांत मेथी शार्प. पाचव्यात चष्म्याची काडी. मग नऊ, दहा, अकरा, आईंनी मान वर केलीय, काहीतरी बोलतायत, बहुतेक "पुरे आता", आणि पापणीचा केस न् केस.

मी कुणाला काही विचारलं नाही. नॉब माझ्या खुणेवर आणण्याआधी तो होता तिथे अजून एक ठिपका दिला. लाल संपलं होतं, जांभळा दिलाय.